लाल भोपळा, मातीचा किल्ला आणि नरकासुर: कॅम्पातल्या घरांसाठी शरदाची तयारी

ज्यांना ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी भाग नेहमीच्या जागी आहेच. ज्यांचा आजचा डेटा संपलाय, किंवा जे घाटातल्या लोकलसारखे मधेच रेंजबाहेर जातात, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे काय ना’ काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. ऑक्टोबर लागला की फोनवर नारिंगी भोपळे, कापसाची कोळ्याची जाळी आणि प्लास्टिकचे सांगाडे दिसायला लागतात. मग घरातलं लहान कुणीतरी विचारतं, “आपण हॅलोवीन करायचं का?” आणि घरात दोन उत्तरं तयार असतात. आजी म्हणते, “ते आपलं नाही.” दादा म्हणतो, “ऑनलाइन मागवून टाकू, दोन दिवसांत येईल.” या दोन्ही उत्तरांत करण्यासारखं काहीच उरत नाही. पहिल्यात विषय संपतो आणि दुसऱ्यात फक्त पार्सल फोडायचं राहतं.

म्हणून आज आपण तिसरं उत्तर शोधू. घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे जे काही होतं, त्यात हॅलोवीनमधल्या कोणत्या गोष्टी आधीपासूनच आहेत? आणि देवळाली कॅम्पसारख्या ठिकाणी, जिथे शेजारचं घर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, तिथे मुलांना हे सगळं कसं करायला द्यायचं?

आधी हॅलोवीन म्हणजे काय ते समजून घेऊ

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला असतं. मुळं आयर्लंड आणि स्कॉटलंडकडची. तिथल्या जुन्या केल्टिक लोकांचा ‘साविन’ नावाचा सण होता. उन्हाळा संपला, पीक घरात आलं, आता अंधाराचे दिवस सुरू, असा तो सांधा. या रात्री जिवंत माणसं आणि मेलेली माणसं यांच्यातला पडदा पातळ होतो, अशी समजूत. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस आला. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, म्हणून ते नाव.

आता भोपळ्याचं बघा. आयर्लंडमध्ये मुळात भोपळा नव्हताच. तिथे शलगम कोरून आत दिवा ठेवायचे. तिथले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठा, मऊ, कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि शलगम मागे पडला. भोपळा अमेरिका खंडातला. आपल्याकडचा लाल भोपळासुद्धा मूळचा तिथलाच. तो समुद्रावरून आला आणि आपल्या भाजीत, घारग्यांत आणि लेकीकडे निघालेल्या म्हातारीच्या गोष्टीत जाऊन बसला. भोपळा ‘त्यांचा’ की ‘आपला’ हे भांडण भोपळ्याला कळलं तर तो टुणकन उडी मारून निघून जाईल.

एकूण हॅलोवीनमध्ये चार गोष्टी आहेत: उंबऱ्याबाहेर दिवा, गेलेल्यांची आठवण, भीतीला खेळात आणणं, आणि मुलांनी घरोघर फिरून खाऊ गोळा करणं. ही चार बोटं लक्षात ठेवा. आता आपल्याकडे वळू.

चारही गोष्टी आपल्याकडे कुठे सापडतात

*दिवा.* हे सांगायला नको. आकाशकंदील उंच टांगायचा तो रस्त्यावरच्यासाठी आणि जुन्या समजुतीप्रमाणे पितरांना वाट दिसावी म्हणूनही. म्हणजे दिवा आणि आठवण एकाच दोरीला बांधलेली आहेत.

*आठवण.* भाद्रपदाचा पितृपंधरवडा सर्वपित्री अमावस्येला संपतो आणि दुसऱ्या दिवशी घट बसतात. आधी गेलेल्यांचं पान, मग नवं बी. कॅम्पात ख्रिस्ती कुटुंबंही जुनी आहेत. मृतात्म्यांच्या दिवशी कॅथलिक घरांतली माणसं आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करून फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. शेजारच्या घरी असं काही असेल तर मुलांना त्याचा अर्थ सांगा. सांगाड्याचा मुखवटा घालून नाचण्याआधी एवढं कळलेलं बरं.

*भीती.* इथे गोव्याकडे बघायला हवं. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यांतली पोरं नरकासुराचे पुतळे बाहेर काढतात. बांबू, गवत, कागद यांचा सांगाडा, वर मुखवटा, मोठे डोळे, बाहेर आलेले दात. रात्रभर मिरवायचे आणि पहाटे जाळायचे. कोकणात आणि घाटावरच्या अनेक घरांत अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. कारीट हे रानात येणारं छोटं, भयंकर कडू फळ. ते फुटलं म्हणजे नरकासुर मेला. किती सुटसुटीत! राक्षस मुठीत मावतो आणि पाच वर्षांचं पोर त्याला हरवतं.

२०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते, ३१ ऑक्टोबरला. दरवर्षी असं होत नाही, कारण आपली तिथी सरकते आणि ती तारीख जागची हलत नाही. पण त्या दिवशी पहाटे कारीट फोडणारं आणि संध्याकाळी भुताचा मुखवटा लावणारं मूल एकच असू शकत होतं.

यात एक फरक मुलांना जरूर दाखवा. हॅलोवीनला मूल स्वतः भूत होतं. नरकासुरात भूत बाहेर उभं करतात आणि सगळे मिळून त्याला संपवतात. भीतीशी खेळायच्या या दोन पद्धती आहेत. आणि त्यानंतर लगेच येतो बलिप्रतिपदेचा दिवस. बळी हाही असुरच, पण त्याचं राज्य परत यावं अशी इच्छा आपण बोलून दाखवतो. केरळात तर त्याच्या स्वागतासाठी ओणम असतो. कॅम्पात केरळी शेजार असेल तर पुकळम, म्हणजे त्यांची फुलांची रांगोळी, तुम्ही पाहिली असेलच. एक असुर जाळायचा आणि एकाची वाट बघायची, हे तीन-चार दिवसांच्या आत. ‘राक्षस म्हणजे वाईटच’ एवढंच मुलाला शिकवू नका, आपल्या सणाला त्यापेक्षा जास्त कळतं.

*घरोघर फिरणं.* खानदेश-विदर्भातली भुलाबाई आठवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली एकमेकींच्या घरी जातात, गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात काय खाऊ आहे ते ओळखतात. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला किंवा हादगा तोच. मधे हत्तीचं चित्र, भोवती फेर आणि शेवटी खिरापत. डबा हलवून आवाजावरून ओळखायचं. गुजरातेत दिवाळीच्या रात्री मुलं मेराया नावाची छोटी मशाल घेऊन दारोदार जातात आणि घरची माणसं त्यात तेल-तूप घालतात. कॅम्पात गुजराती कुटुंबं पुष्कळ, एखाद्या आजोबांना विचारून बघा, डोळे चमकतील.

म्हणजे चारही गोष्टी आहेत. फक्त त्या एका रात्रीत कोंबलेल्या नाहीत. दीड महिन्यात पसरलेल्या आहेत.

कॅम्प वेगळा का आहे

जे बाहेरून ऐकतात त्यांच्यासाठी थोडक्यात. नाशिकच्या दक्षिणेला, भगूर आणि नाशिक रोडच्या मधे देवळाली कॅम्प आहे. ही ब्रिटिशांच्या काळापासूनची छावणी. मायदेशी जाणारी बोट मिळेपर्यंत गोरे शिपाई इथे महिनोन् महिने पडून राहायचे. उन्हाने, कंटाळ्याने आणि तापाने डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणायला लागले. पूर्ण शब्द ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. आपल्या गावाने इंग्रजीला एक शब्द दिला, तोही वेडाचा!

आज इथे तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे देशभरातली कुटुंबं येतात आणि जातात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी इथे होती, त्यातली बरीच कुटुंबं इथलीच झाली. चांगल्या हवेसाठी पारशी, गुजराती, जैन समाजाने बांधलेली आरोग्यभवनं लॅम रोडच्या आजूबाजूला आहेत. मराठी घरं, ख्रिस्ती घरं आहेतच.

आता यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: आरोग्यभवनात विश्रांतीला आलेली म्हातारी माणसं असतात. तोफांचे लांबचे आवाज कॅम्पला नवे नाहीत, पण खिडकीखाली रात्री अकराला फुटलेली माळ ही वेगळी गोष्ट. तुमचा सण आवाजावर उभा असेल तर शेजाऱ्याची झोप त्यात जाते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बदलीवर असणाऱ्या घरातल्या मुलाला ‘आमच्या वाड्यात असं करतात’ असं म्हणायला वाडाच नसतो. तिसरी एका गावात, पाचवी दुसऱ्या, सातवी तिसऱ्या. सामान काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत भरायचं आणि निघायचं. अनेकदा दिवाळीला वडील, आणि हल्ली आईसुद्धा, सीमेवर असते. अशा मुलासाठी सण म्हणजे ठिकाण असू शकत नाही. त्याला सण सवय म्हणून सोबत न्यावा लागतो. म्हणून खालचं सगळं सुचवताना मी एकच कसोटी लावलीये: हे ट्रंकेत मावतं का? वस्तू मावली तर उत्तम. वस्तू नाही मावली तर ती करायची पद्धत डोक्यात मावायला हवी.

१. घट: नऊ दिवसांचा प्रयोग

घटस्थापनेला परडीत किंवा पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरतात. तुमच्याकडे घट बसत नसला तरी एका ताटलीत हे करता येतं. गहू, ज्वारी, मूग, हरभरा, मका, जे घरात असेल ते. धान्य रात्रभर भिजवा, दोन बोटं मातीत पेरा, रोज थोडंसं पाणी शिंपडा. मुलाला पट्टी आणि वही द्या. रोज संध्याकाळी कोणतं किती वाढलं ते लिहायचं, फोनवर एकाच कोनातून एक फोटो काढायचा. दसऱ्याला नऊ फोटो जोडले की झाला व्हिडिओ. आणि तो तुम्ही विकत घेतलेला नाही, उगवलेला आहे.

दसऱ्याला हे कोवळे तुरे टोपीत किंवा कानावर खोवायचे. वडील लांब असतील तर एक तुरा वहीत दाबून वाळवा आणि पाकिटात घालून पाठवा. वजन शून्य.

२. आपट्याचं पान: एकच पुरे

दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतात. पण बाजारात येणाऱ्या गठ्ठ्यांसाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि त्यात पुष्कळदा आपट्याऐवजी कांचनाची पानं असतात. ओळखायचं कसं? दोन्ही पानं मधे दुभंगलेली असतात. आपट्याचं लहान, जाडसर, रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. दोन्ही एकाच कुळातली, बाउहिनिया. हे नाव बाउहिन आडनावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून दिलंय, कारण पान दोन भागांचं आणि तरी एक. भावंडांची भांडणं चालू असतील तर ही गोष्ट सांगायला चांगली आहे.

करायचं काय? एकच पान घ्या. त्यावर पातळ कागद ठेवून रंगीत खडू आडवा घासा. शिरांसकट पान कागदावर उतरतं. असे वीस ठसे कापून, मागे एकेक ओळ लिहून वाटा. झाड जागेवर राहतं आणि सोनंही वाटलं जातं.

झेंडूचं तोरण दसऱ्यानंतर फेकू नका. फुलं सावलीत सुकवा. पाकळ्या दिवाळीच्या रांगोळीत घाला. देठाकडचं काळं-पांढरं, काडीसारखं बी कागदाच्या पुडीत भरून त्यावर गावाचं नाव आणि साल लिहा. ही पुडी पुढच्या बदलीच्या गावी पेरायची. देवळालीचा झेंडू पठाणकोटला फुलला तर काय वाईट?

३. कोजागिरी: मोठ्या मुलाचा दिवस

आश्विन पौर्णिमेला आटीव दूध आणि चांदणं हे सगळ्यांना माहीत असतं. याच दिवशी घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळायची पद्धत आहे, हे हल्ली बरेच जण विसरलेत. वडील बाहेरगावी असलेल्या घरात मोठं भावंड वर्षभर बरंच काही न बोलता उचलतं. गॅस लावतं, धाकट्याला बसवर सोडतं. त्या दिवशी त्याला पाटावर बसवा. खर्च निरांजनातल्या तुपाएवढा.

याच रात्री सोसायटीच्या गच्चीवर भोंडला ठेवा. मुलगे आणि मुली दोघंही. प्रत्येक घराने झाकलेला डबा आणायचा. सिंधी घर, तमिळ घर, पंजाबी घर, कुणाच्या डब्यात काय आहे हे आवाजावरून आणि तीन प्रश्नांत ओळखायचं. नियम एकच: आणणाऱ्याने आपल्या भाषेतलं नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी ते तीनदा म्हणायचं. वर्षाच्या शेवटी मुलांना दहा भाषांतले दहा खाऊ माहीत असतात.

४. लाल भोपळा: कोरा, पण आतलं खा

३१ ऑक्टोबर बहुतेक वर्षी दिवाळीच्या आगेमागेच येतो. कुणाला भोपळा कोरायचा असेल तर खुशाल कोरा. फक्त तो वाया घालवू नका.

आपला भोपळा चपटा आणि कडक सालीचा असतो, त्यामुळे वरचं झाकण मोठ्या माणसानेच कापायचं. सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, म्हणजे झाकण आत पडणार नाही. मुलांनी मोठ्या चमच्याने आतला गर आणि बिया काढायच्या. डोळे-तोंड आधी पेनाने आखा. चेहरा भुताचाच हवा असं नाही. मिश्यांचा मावळा, चष्म्याची आजी, काहीही चालतं. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांतच मऊ पडतो, मग त्याचे तुकडे करून कुंडीच्या मातीत.

काढलेल्या गराचे घारगे करा. गर किसून गुळाबरोबर शिजवायचा, गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ आणि वेलची. पाणी घालायचं नाही. घट्ट मळून जाडसर थापायचे आणि मंद आचेवर तळायचे. बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजा. मुखवटे लावून दारोदार फिरणाऱ्या मुलांच्या हातात पाकीटबंद चॉकलेटऐवजी गरम घारगा पडू दे. भूतसुद्धा खूश होईल.

५. किल्ला: या मोसमाचा राजा

आता खरी गोष्ट. दिवाळीचा मातीचा किल्ला हा आपल्या मुलांच्या हातातला सगळ्यात मोठा उद्योग. सहामाही परीक्षा संपली की हात चिखलात.

किल्ला निवडताना नाशिक जिल्ह्यातलाच निवडा. साल्हेर घ्या: महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर. १६७२ मध्ये इथे मराठ्यांनी मोगलांना खुल्या मैदानात हरवलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यात साल्हेर आहे. किंवा रामशेज घ्या, जो मोगलांना वर्षानुवर्षं दाद देईना. किंवा उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा हरिहर. फोनच्या नकाशात उपग्रहाचं चित्र उघडा, किल्ला शोधा आणि तीन उंच्या कागदावर आखा: पायथा, माची, बालेकिल्ला. मग फोन बाजूला ठेवा, कारण पुढचे चार दिवस हात स्वच्छ नसणार.

बांधायची पद्धत:

सांगाडा विटा, दगड आणि डब्यांचा. सगळा किल्ला मातीचा करू नका, खचतो. त्यावर ओलं गोणपाट टाका आणि डोंगराच्या घड्या पाडा. मग चिखलाचा लेप. आपल्या भागातली काळी माती वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात, म्हणून तिच्यात निम्मी लाल माती किंवा बारीक वाळू आणि मूठभर भुसा मिसळा. एकदम जाड लेप लावण्यापेक्षा दोन पातळ थर द्या.

हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी. ओल्या मातीवर बी पसरा, वरून हलक्या हाताने पाणी शिंपडा, दोन दिवस सावली ठेवा. हळीव लवकर फुटतं. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरलं की लक्ष्मीपूजनाला किल्ला हिरवागार. परतीचा पाऊस येऊ शकतो, तेव्हा एक जुनी ताडपत्री हाताशी ठेवा.

मावळे शक्यतो मातीचे घ्या. आणि हे मावळे ट्रंकेत मावतात! जुन्या मोज्यांत गुंडाळून ठेवा. किल्ला मागे राहतो, सैन्य पुढच्या गावी जातं. शेवटच्या दिवशी किल्ला मोडताना मुलं रडतात. तेव्हा एक गोष्ट करा: ज्या नव्या कुटुंबाची बदली आत्ताच इथे झालीये त्यांच्या मुलाला बोलवा आणि पुढच्या वर्षीसाठी विटा आणि गोणपाट त्याच्या ताब्यात द्या. पुढच्या दिवाळीला त्या मुलाकडे इथे करण्यासारखं काम आधीपासूनच असेल.

६. कंदील: बारा कामट्यांचा

महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. तेव्हा कंदील बांबूचा आणि कागदाचाच करा. एकेक फुटाच्या बारा कामट्या घ्या आणि दोऱ्याने बांधून चौकोनी पेटीचा सांगाडा करा. चार बाजूंना पतंगाचा कागद खळीने चिकटवा. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवलेली चिक्की. वरची आणि खालची बाजू उघडी ठेवा, म्हणजे दिव्याची ऊब बाहेर जाते. खाली झिरमिळ्या. आत कमी वॅटचा एलईडी दिवा, आणि तो कागदाला टेकत नाही ना ते बघा.

गाठी सोडल्या की बारा कामट्यांची जुडी होते. ती ट्रंकेच्या कडेला आरामात बसते. दरवर्षी कागद नवा, सांगाडा तोच. प्रत्येक कामटीवर एका गावाचं नाव आणि साल लिहीत गेलात तर बारा वर्षांनी त्या कंदिलात घराचा सगळा प्रवास असेल.

हवेत सोडायचे पेटते कंदील मात्र नकोत. ते कुठे पडतील ते कुणाच्या हातात नसतं, आणि छावणीच्या आसपास तर अजिबात नकोत.

७. घरगुती नरकासुर

जुन्या उशीच्या अभ्र्यात वर्तमानपत्र कोंबा, वर खोक्याचा मुखवटा. मग घरातल्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपली एक भीती लिहायची आणि त्याच्या पोटात टाकायची. मोठ्यांनीसुद्धा. मुलं लिहितात: अंधार, गणित, नवी शाळा. फौजी घरातलं मूल जे लिहील ते तुम्हाला बहुधा आधीच माहीत असतं, फक्त घरात कुणी बोलत नाही. चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत. कुणाला स्वतःहून आपली सांगायची असेल तर मात्र ऐकून घ्यायची, “असं काही नसतं रे” म्हणून उडवून लावायची नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे, उटणं लावून अंघोळ झाली की कारीट फोडा. कारीट नाही मिळालं तर मोठं माणूस विचारेल आणि मूल पायाने एखादं वाळकं फळ फोडेल, तेही चालेल. पुतळा जाळायचा आग्रह नको. चिठ्ठ्या फाडून पाण्यात भिजवा, लगदा करा आणि त्याचाच पुढच्या वर्षीचा मुखवटा बनवा. जाळायचाच असेल तर छोटा, मोकळ्या जागी, परवानगी असेल तिथे, अंगात सुती कपडे आणि शेजारी पाण्याची बादली.

जाता जाता दोन सूचना

एक, रील काढताना मागे काय दिसतंय ते बघा. गेट, युनिटची पाटी, गाडीचा नंबर, घराचा क्रमांक, यातलं काही फ्रेममध्ये नको. किल्ल्याचा फोटो वरून काढा, मस्त येतो आणि सुरक्षितही राहतो.

दोन, हे सातही एका वर्षात करू नका. दोन निवडा. एक असं जे दरवर्षी होईल आणि एक असं जे या वर्षी नवीन. आणि घरातल्या सगळ्यात लहान व्यक्तीला निवडू द्या.

तर “हॅलोवीन करायचं का?” या प्रश्नाला आता उत्तर काय द्यायचं? “भोपळा आण, पण सोबत गूळही आण. आणि जाताना शेजारच्या नव्या मुलाला विचार, त्याच्याकडे फावडं आहे का.”

तुमच्या गावी या दिवसांत मुलं दारोदार जाऊन काय मागतात, काय म्हणतात, ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये सांगा. एका मिनिटात. आजीकडून वदवून घेतलंत तर दोन मिनिटं चालतील. भेटू पुढच्या भागात. हात धुवा, नखांतली माती राहू द्या.